रविवारी केलेला फोन

मी दापोडी सोडली तो गुरुवार होता. भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून पप्पांनी तिकीटच गुरुवारचं काढायला लावलं; रजा टाकायची नव्हती त्यांना. सकाळी गल्लीत गाडी आली तेव्हा बायका दारात उभ्या होत्या. कुणी जय भीम केला, कुणी लाडू दिले, कुणी जर्मनीत थंडी किती असते ते मलाच सांगितलं. मम्मी रडत होती. पप्पा टपावर बॅग बांधत होते. दोरीची गाठ त्यांनी तीनदा सोडून पुन्हा बांधली.

आमच्या घरात सगळ्यांची सुट्टी एका दिवशी कधी आलीच नाही. माझी रविवारी, पप्पांची गुरुवारी. सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं म्हणजे लग्न नाहीतर मयत. इथे कासेलला येऊन दीड वर्ष झालं, तरी आमचा फोन गुरुवारीच होतो.

त्या रविवारी फिरायचं माझ्या मनातही नव्हतं. सोमवारी सकाळपर्यंत एका ईमेलचं उत्तर द्यायचं होतं. शिक्षण संपत आलं होतं आणि इथल्या एका कंपनीने दोन वर्षांची नोकरी देऊ केली होती. लगेच रुजू व्हायचं, पहिले सहा महिने मोठी रजा नाही. नेमक्या त्याच सहा महिन्यांत पप्पा रिटायर होणार होते. त्यांच्या कंपनीत निरोप समारंभाला घरच्यांना स्टेजवर बसवतात. "तू बोलायचं माझ्याबद्दल. थोडं इंग्लिश पण टाक, मॅनेजर लोकं असत्यात," असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. ईमेलबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

खोलीत बसवेना. कोथिंबीर आणायचं निमित्त करून निघाले, आणि दुकानाचं बंद दार ढकलल्यावर आठवलं की इथे रविवारी सगळं बंद असतं. परत फिरायचा धीर होईना. समोर आली त्या ट्राममध्ये चढले. नदीपाशी उतरले, पुलावर उभी राहिले, लगेच दुसरी ट्राम पकडली. बागेत लोक बाकांवर निवांत बसले होते. इतका वेळ कसं बसतात, मला कळेना. शेवटच्या स्टॉपवर उतरले तर नुसती गोदामं आणि पत्र्याच्या शेड. कुणी मुद्दाम बघायला येणार नाही अशी जागा. मला मात्र तिथे जरा मोकळं वाटलं.

एका वर्कशॉपचं शटर अर्धं उघडं होतं. सुट्टीच्या दिवशी मेंटेनन्स चालतो, एवढं पप्पांमुळे मला ठाऊक होतं. बाहेर लाकडी पॅलेटवर एक वयस्कर कामगार डबा उघडून बसला होता. मला बघून म्हणाला, "मालत्साइट!" म्हणजे जेवणाची वेळ. एवढं जर्मन येत होतं. जेवायला बसलेला माणूस वाटेवरच्याला जेवणाचं बोलतोय, म्हणजे 'या जेवायला', दुसरं काय? मी आपलं जर्मनमध्ये म्हटलं, "नको नको, आत्ताच झालं माझं. तुम्ही जेवा."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग समजावलं, दुपारी कामावर एकमेकांना असं म्हणतात, नमस्कारासारखं. जेवायला कुणी बोलावत नसतं. जरा विचार करून त्याने अर्धा पाव पुढे केला. "आता बोलावतोय," म्हणाला. मी तो उभ्यानेच खाल्ला. खरं तर सकाळपासून पोटात काही नव्हतं.

पुढे जाऊन एका भिंतीला टेकले आणि पप्पांना फोन लावला. पहिली शिफ्ट करून ते घरी आले असणार.

"काय झालं?" हॅलोसुद्धा म्हटलं नाही त्यांनी. "रविवारी कसा काय फोन? बरी हायस ना?"

बाहेर राहणाऱ्या सगळ्यांना हे माहीत असेल. ठरलेला वार सोडून फोन गेला की घरचे आधी वाईटच धरतात.

मी सगळं सांगितलं. रजेचंही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी.

"म्हंजे समारंभाला न्हाई."

"नाही जमणार, पप्पा."

"मग माझ्याबद्दल बोलणार कोण? तुझी मम्मी? ती माइकवर तक्रारीच सांगंल."

"सांगीनच!" मागून मम्मीचा आवाज. "चौतीस वर्षांच्या साठल्यात."

मला हसता येईना. पप्पांनी आवाज खाली आणला. "हे बघ बाळा, वाईट वाटलं. वाटणारच. पण कार्यक्रम अर्ध्या तासाचा. हार घालतील, फोटो काढतील, समोसा देतील. तेवढ्यासाठी नोकरी सोडू नको." मग विचारलं, "आता कुठं हायस?"

"माहीत नाही. अशीच फिरतेय."

"एकटीच? बास झालं आता. घरी जा."

आजवर ते 'रूम' म्हणायचे. रूमवर पोचलीस का, रूमवर जेवलीस का. घर म्हटलं की दापोडीच. हा शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला आणि त्यांनाही ऐकू आला असावा, कारण ते एकदम थांबले. पण बदलला नाही.

"हो, जाते," मी म्हणाले.

परतताना ट्राममधूनच होकार पाठवला. आनंद झाला असं म्हणवत नाही. त्या खोलीला घर म्हणायची परवानगी मी कधी मागितली नव्हती, आणि ती मिळाली तेव्हा दापोडी आणखी थोडी लांब गेल्यासारखी वाटली. पण त्या संध्याकाळी कुलूप उघडल्यावर, दीड वर्षात पहिल्यांदाच, मी बूट दाराबाहेर काढून आत गेले.