कानापुरतं बोला

गुरनुले बाई कोणत्याही खोलीत शिरल्या की आधी खिडकी शोधायच्या. माणसं नंतर. खिडकी सापडली की तिच्याकडे तोंड करून बसायच्या, मग पाठ साहेबाकडे झाली तरी चालेल. एटापल्लीच्या कार्यालयातली माझी पहिलीच बैठक होती. बाईंनी साहेबांच्या समोरची खुर्ची उचलली, उजेडात नेऊन ठेवली आणि त्यांच्याकडे अर्धवट पाठ करून म्हणाल्या, "बोला जी. आयकून राह्यली."

मला तो उद्धटपणा वाटला. बाहेर आल्यावर त्यांनीच सांगितलं, "बहिरं लेकरू आपल्या तोंडाकडे पाहते. उजेड आपल्या पाठीमागं असला तर त्याले आपलं तोंड काळं दिसते. लेकरासाठी सवय लावली, आता ते सुटत नाई. घरी खाटेवर बी मी खिडकीकडेच तोंड करून झोपते. आमचे हे म्हणत, बायको रुसून राह्यली का काय."

बाई फिरत्या विशेष शिक्षिका होत्या. म्हणजे त्यांची स्वतःची अशी शाळा नव्हती. तालुक्यातल्या जंगलातल्या शाळांमधून फिरायचं, तिथल्या कर्णबधिर मुलांना शिकवायचं, श्रवणयंत्रं तपासायची, गुरुजींना सांगायचं की या मुलाला पहिल्या ओळीत बसवा. बस जाईल तिथपर्यंत बसनं, पुढे कुणाच्या तरी गाडीवर मागे. कंत्राटी नोकरी. त्या मूळच्या सावली गावच्या, धानपट्ट्यातल्या. नवरा गेल्यावर एटापल्लीतच खोली करून राहिल्या. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली, आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली पहिलीच. नागपूरला वसतिगृहात राहून पदवी आणि नंतर विशेष शिक्षणाची पदविका घेतली. नेमणुकीचा आदेश हातात होता, पण राहायला जागा नव्हती. बाईंनी माझी पेटी आपल्या खोलीत नेली आणि म्हणाल्या, "भात मी मांडते, भाजी तू कर. अन् ते नागपूरचं मराठी दाराबाहेर ठेव, मले झेपत नाई."

जे काही काम मला येतं ते त्यांच्यामुळे येतं. मी अभ्यासक्रमात शिकले होते की प्रत्येक पायरीनंतर मुलाला 'समजलं का?' असं विचारावं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला वर्गाबाहेर बोलावलं. "समजलं का म्हटलं तर पोट्टं मान हालवणारच ना वं. त्याले घरी जायचं आहे. तू त्याले काहीतरी करायले सांग. केलं तर समजलं, नाई केलं तर तुले समजवता नाई आलं." ते नाही केलं तर दोष मुलाचा नाही, आपला, हे त्या इतक्या सहज बोलायच्या की मला ते कुठल्याही पुस्तकापेक्षा पटलं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. विशेष शिक्षकाची नोंदणी असते आणि त्या नोंदणीवर त्याचा प्रवर्ग लिहिलेला असतो. कुणाचा कान, कुणाचा डोळा, कुणाचा बुद्धी. बाईंचा कान होता, माझा डोळा. आपल्या प्रवर्गाबाहेरच्या मुलाबद्दल लेखी मत द्यायचा अधिकार आपल्याला नसतो. दुसरा प्रवर्ग हवा असेल तर पुन्हा अभ्यासक्रम, पुन्हा सराव, पुन्हा परीक्षा. नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. कुणीही उठून कुणालाही मतिमंद ठरवू नये म्हणूनच तो केलेला आहे.

त्या वर्षी तालुक्याला तपासणी शिबिर लागलं. बाहेरून तज्ज्ञ आले होते. शाळाशाळांतून मुलं जीपमध्ये भरून आणलेली. त्यात मैनी होती, आतल्या एका गावातली पहिलीतली पोर. शाळेत बोलत नाही म्हणून गुरुजींनी तिचं नाव दिलं होतं. आधी बाईंनी तिचे कान तपासले. कान उत्तम होते. मग ती बुद्धीच्या टेबलाकडे गेली. तिथले सर माणूस म्हणून वाईट नव्हते, पण समोर रांग होती आणि अंधाराच्या आत त्यांना आलापल्लीचा रस्ता गाठायचा होता. त्यांनी कुत्र्याचं चित्र दाखवलं.

"बेटा, हे काय आहे?"

"नय," मैनी म्हणाली.

"नाही काय? नीट बघ. हे काय आहे?"

"नय."

सरांनी पुढचं चित्र काढलं. त्याला ती काहीच बोलली नाही. दोनदा खरं सांगूनही समोरचा माणूस मान हलवतो म्हटल्यावर कोण बोलेल. मैनीच्या घरी माडिया बोलतात, आणि माडियात कुत्र्याला नय म्हणतात. आमच्या भागात नाहीला नाई म्हणतात. सर तालुक्याबाहेरचे असले तरी याच मराठी भागातले, त्यांच्या कानाला जे ओळखीचं ते त्यांनी ऐकलं. बौद्धिक अक्षमता, मध्यम, असा शेरा पडला.

बाई शेजारच्या टेबलावरून उठून आल्या. "सर, तिनं बरोबर सांगितलं जी. नय म्हणजे कुत्रा. तिले मराठी येत नाई, एवढंच आहे. माडियात विचारा, मी सांगते कसं विचारायचं."

सरांनी चष्मा काढला. "बाई, तुमचा प्रवर्ग कोणता?"

"कान."

"मग कानापुरतं बोला."

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. त्यात द्वेष नव्हता, दिवसभराच्या कंटाळ्यात एक विनोद मिळाला होता इतकंच. बाई परत आपल्या टेबलाशी आल्या आणि पुढच्या मुलाच्या कानात बॅटरीचा उजेड टाकू लागल्या. त्या दिवशी त्यांनी एकही मूल टाळलं नाही. संध्याकाळी मैनीचा बाप चैतू आवाराबाहेर उकिडवा बसला होता. बाई त्याच्यासमोर तशाच उकिडव्या बसल्या आणि अर्धं माडिया, अर्धं मराठीत त्याला म्हणाल्या, "तुह्या पोरीले काई झालं नाई. पण हे लिहायचा हक मले नाई. मी तो हक घेऊन येते. तोवर थांब. पोरीले कुठी पाठवू नको."

चैतूनं मान हलवली. समजलं का असं बाईंनी त्याला विचारलं नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या बाईंनी दुसऱ्या, म्हणजे बुद्धीच्या, प्रवर्गासाठी नाव घातलं. कार्यालयातले लोक थट्टा करायचे. "बाई, आता काऊन शिकून राह्यल्या? पेन्शन तर नाई आपल्याले." बाई म्हणायच्या, "मेल्यावर वर तपासणी असते म्हणते. तिथी बी प्रवर्ग विचारला तर?" वर्ग नागपूरला, बरोबरची मुलंमुली त्यांच्या लेकरांच्या वयाची. मुक्कामी वर्गांना त्या बिनपगारी रजा टाकून जायच्या आणि परत आल्या की पुस्तक माझ्यासमोर आपटायच्या. "पाह्य वं. ह्या पुस्तकातलं एकूणएक लेकरू मराठीतच जन्मलेलं आहे. एकाच्या बी घरी दुसरी बोली नाई." तरी त्यांनी मन लावून अभ्यास केला. "चुकीचं बी नीट शिकावं लागते," असं त्यांचं म्हणणं होतं. "नाईतर ते चुकलं कुठी हे सांगता येत नाई." शिकता शिकता त्यांना कळलं की आपण आजवर कान-कान करत काही मुलांचं दुसरंच दुखणं पाहिलं नव्हतं. तेही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. अभ्यासक्रम फुकट गेला असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि मलाही म्हणायचं नाही.

पण त्या तिकडे सरावासाठी गेल्या असताना मैनीला पाठवून दिलं. चंद्रपूरकडे मतिमंद मुलांची निवासी शाळा आहे, तिथे जागा रिकामी झाली. मैनीच्या शाळेचे मुख्याध्यापक भले माणूस. त्यांच्या मनात पोरीचं कल्याणच होतं. ते स्वतः चैतूच्या घरी गेले. तिथं दोन वेळ जेवण मिळते, कपडे मिळते, तिच्यासारख्यांना शिकवणारे लोक आहेत, इथी ती नुसती बसून राह्यते, असं त्यांनी सांगितलं. इथे ती नुसती बसून राहते हे खोटं नव्हतं. शेरा पडल्यापासून तिला कुणी पाटीच दिली नव्हती. चैतू पुष्कळ दिवस नाही म्हणत राहिला. मग बाईंचा काही पत्ता नाही असं पाहून त्यानं हो म्हटलं.

मी बाईंना फोन केला. त्यांनी कधी नेलं, कुठे नेलं ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "परीक्षा होऊ दे." त्यांनी तिथूनच फेरतपासणीसाठी अर्ज केला. उत्तर आलं की अर्जदाराचा प्रवर्ग श्रवणदोष असल्यामुळे विचार करता येत नाही. बाई पास झाल्या, चांगल्या गुणांनी पास झाल्या. पण निकाल म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणीत दुसरा प्रवर्ग चढायला आणखी एक पावसाळा गेला. त्या काळात बाई खोलीत कमी बोलायच्या. भात करपायचा. मी काही बोलले की म्हणायच्या, "खाय गुपचूप."

नोंदणी आली आणि फेरतपासणीला परवानगीही मिळाली. आम्ही तिघं गेलो, बाई, चैतू आणि मी. संस्था स्वच्छ होती. भिंती नव्यानं रंगवलेल्या. मैनी उंच झाली होती, केस बारीक कापलेले. तिला घेऊन आलेली ताई कौतुकानं म्हणाली, "आली तवा लई रडे जी. आता मस्त शिस्त लागली. बस म्हटलं का बसते."

बाईंनी चित्रं काढलीच नाहीत. त्यांनी पिशवीतून टोळ्या, म्हणजे मोहाच्या बिया, काढल्या, गोटे काढले, पळसाच्या पानांची पत्रावळ काढली, आणि माडियात बोलायला लागल्या. मैनी त्यांच्याकडे न बघता ताईकडे बघू लागली. बापाकडेही तिनं बघितलं नाही. चैतू तिच्याशी बोलला, तिच्या आईचं नाव घेतलं, घरच्या शेळीचं काहीतरी सांगितलं. ती ताईकडेच बघत होती. बाईंनी पुढे ठेवलेल्या टोळीला तिनं हात लावला नाही. ताई "घे" म्हणाली तेव्हा उचलली, "ठेव" म्हणाली तेव्हा ठेवली. तिचं माडिया गेलं होतं आणि त्या जागी बस, ऊठ, घे, ठेव, चूप एवढंच मराठी आलं होतं. दुपार संपेपर्यंत बाईंनी जे येत होतं ते सगळं करून पाहिलं. नव्यानं शिकलेलं, जुनं, आणि कुठेच न शिकवलेलं. शेवटी निकाल मांडला. तो शिबिरातल्या सरांच्या शेऱ्यापेक्षाही खाली आला.

"बाई, थोडं वर लिहिता नाही का येणार?" मी हळूच विचारलं.

"तेच तर शिकून आली ना माय," त्या म्हणाल्या. "जे दिसते तेच लिहायचं." आणि त्यांनी सही केली. नव्या प्रवर्गातली त्यांची ती पहिली सही.

चैतू दारात उभा होता. त्याच्या मराठीत बाई आणि माणूस असा फरक नसे. त्यानं विचारलं, "बाई, तू शिकून आला?"

"आली."

"मग आता काय म्हणते?"

बाई उठून त्याच्यासमोर आल्या. मग म्हणाल्या, "तवा तुह्या पोरीले काई झालं नव्हतं, चैतू. आता झालं."

चैतू ओरडला नाही, भांडला नाही. त्यानं ताईला सांगितलं की पोर मी नेतो. आधी कार्यालयाचं पत्र लागते असं ताई म्हणाली. तोवर त्यानं मैनीचा हात धरला होता. ती मुकाट्यानं त्याच्याबरोबर चालू लागली. बापाला ओळखलं म्हणून नव्हे. हात धरला की चालायचं, हे तिला शिकवलेलं होतं.

त्यानंतर बाईंचं कंत्राट वाढवलं नाही. वय झालं असं कारण दिलं, आणि वय झालंच होतं. त्यांना निरोप द्यायला कार्यालयात शाल आणि नारळ आणला. भाषणात साहेब म्हणाले, या वयात दोन प्रवर्ग मिळवणाऱ्या बाई आपल्या जिल्ह्याला भूषण आहेत. टाळ्या झाल्या. बाई दुसऱ्या दिवशी सावलीला गेल्या. दुसऱ्या प्रवर्गात त्यांनी त्या एका सहीपलीकडे सही केली नाही. संधीच आली नाही.

मैनी गावातच असते. मी फिरतीवर त्या बाजूला गेले की जाते. आई तिच्याशी दिवसभर बोलत असते, काम करता करता, उत्तराची वाट न बघता. मधे एकदा पोरीनं पाणी मागितलं असं आई म्हणाली, आपल्या बोलीत मागितलं. मी ऐकलेलं नाही. जे ऐकलं नाही ते लिहू नये असं बाईंनीच शिकवलंय, म्हणून आईचं म्हणणं आईचं म्हणूनच लिहिते.

परवा दुसऱ्या प्रवर्गाच्या अभ्यासक्रमाची सूचना आली. आमच्या शाळांमधून गुरुजींनी न बोलणारी म्हणून नावं दिलेली काही मुलं आहेत, आणि मी त्यांच्याबद्दल फक्त डोळ्यापुरतं बोलू शकते. मी बाईंना फोन लावला. त्यांचा आवाज बारीक झालाय. मागे कुणीतरी धान पाखडत होतं.

"बाई, नाव घालू का?"

"घाल. लवकर घाल."

"अन् मुलांच्या घरी काय सांगू? दीडदोन वर्षं लागतील ना जी."

"काईच सांगू नको," बाई म्हणाल्या. "शिकायले जा, पण कोणाच्या बापाले 'थांब' म्हणून जाऊ नको."