उंबरा नसलेलं दार

दुसऱ्यांची बिलं तपासण्यात माझी उभी नोकरी गेली, त्यामुळे ‘आपोआप’ हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. आमच्या कचेरीत कुठलाच आकडा आपोआप वाढत नसे. कुणीतरी तो वाढवलेला असे.

म्हणून रिटायर झाल्यावर वसमतला घर बांधायला काढलं, तेव्हा ज्या तरुण इंजिनिअर मुलीला काम दिलं, तिच्यावर माझा विश्वासच बसेना. ती नुसता नकाशा काढत नव्हती. अख्खं घर तिनं कॉम्प्युटरात उभं केलं होतं, भिंतींच्या जाडीसकट, आतल्या सळईसकट. एक भिंत हातभर सरकवली की विटा, सिमेंट, रंग, सगळ्याचा हिशेब बदलायचा आणि खाली एकूण खर्चही. “मी काहीच करत नाही काका, आपोआप होतं,” ती म्हणायची. झालं!

मला त्या घरात एकच गोष्ट हवी होती: वरच्या मजल्यावर, पूर्वेला खिडकी असलेली माझी खोली. खाली हॉल, स्वयंपाकघर, देवघर आणि एक अडगळीची खोली. त्यात बायकोनं काय करायचं ते करावं.

दिवाळीनंतर बायकोच्या त्या मुलीच्या ऑफिसातल्या फेऱ्या वाढल्या. फरशीचा रंग बघायचाय म्हणे. परत आली की फरशीचा विषयच नाही. आणि मग खर्चाचा आकडा एकदम फुगला. माझी खात्रीच पटली. पोरगी हिला भोळी समजून काहीबाही गळ्यात मारतेय. बायकोला घेऊन मी तडक ऑफिस गाठलं.

“काय वाढलं ते दाखव. एकेक.”

मुलीनं आधी बायकोकडे बघितलं. ते मी टिपलं. मग पडद्यावरचं घर फिरवून तिनं खालची अडगळीची खोली उघडली. तिथं आता पलंगाची जागा, मोठी खिडकी, लागूनच संडास-बाथरूम, भिंतीला धरायला दांडा. दार नेहमीपेक्षा रुंद. आणि त्या दाराला उंबराच नाही.

“बिनउंबऱ्याचं दार? हे कुणी सांगितलं?” मी ओरडलोच.

“मी सांगितलं,” बायको म्हणाली. “त्या लेकरावर काहून ओरडून राहिले? दिवाळीपासून तुमचा डावा पाय उंबऱ्याला अडकून राहिला. मला दिसत न्हाई व्हय?”

मला वाटलं होतं, कुणाच्या लक्षात आलेलं नाही. अडखळलो की मी चपलेला शिव्या द्यायचो. जोडसुद्धा बदलून बघितला होता. मला तिचा राग आला. माझ्यावर पाळत! आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

“आन् माझी वरची खोली?”

“हाय ना. जवर जिना चढता, तवर तुमचीच.”

खालची खोली मी तशीच राहू दिली. घराच्या मोठ्या दाराला तरी उंबरा पाहिजे, एवढंच म्हटलं. सणावाराला हळद-कुंकू वाहायचं कुठं?

“किती उंच ठेवू, काका?”

मी पायाकडे बघितलं.

“माझा पाय उचलतो तेवढाच.”

तिनं पडद्यावरचा उंबरा खाली बसवला. त्यासरशी खर्चाचा आकडा जरासा उतरला, आपोआप. मी तो तपासला नाही.