आर्माडिलोची उडी

टेक्सासमध्ये आर्माडिलो, म्हणजे पाठीवर कवच असलेला मांजराएवढा प्राणी, हा हसायचा विषय आहे. टी-शर्टवर, मगवर, दुकानांच्या पाट्यांवर, सगळीकडे तो. आमच्या वसाहतीमागच्या रस्त्यावर तो रोज गाड्यांखाली मरत होता, म्हणून वेग कमी करा अशी पत्रकं मी वाटत होते. आपल्या मराठी मंडळींनीही ती हसतच घेतली. शेजारचे काका म्हणाले, "अगं, चिलखत घालून फिरतो तो. त्याला काय होतंय?"

त्याच संध्याकाळी काका मला लायब्ररीतून घरी सोडत होते. समोर एक आर्माडिलो रस्त्यात आला. काकांनी ब्रेकच्या आधी हॉर्न दाबला. पुण्यात गाय, कुत्रं, माणूस, सगळं हॉर्नने बाजूला होतं. पण हा प्राणी दचकला की सरळ वर उडी मारतो. एरवी गाडीखाली चाकांच्या मधून सुटला असता, तो उडी मारून बंपरवर आदळला आणि मेला.

"मी तर त्याला वाचवत होतो गं," काका म्हणाले.

सकाळी आम्ही तिथे गेलो. कुणीतरी त्याला उताणं करून पंजांत बिअरची बाटली दिली होती. ही इथली जुनी थट्टा. मेलेल्याची चेष्टा करायला लोकांना गाडी थांबवता येते, जिवंतासाठी नाही. फोटो काढणारी एक बाई काकांकडे बघून हसली. काका हसले नाहीत. त्यांनी बाटली काढली, गाडीतलं मॅट आणलं आणि त्यावरून त्याला गवतात नेऊन ठेवलं.

"पत्रकं दे इकडे," ते म्हणाले. "आपल्या लोकांना हॉर्नचं मी सांगतो."