पुसलेले तीन आकडे

सदर नावाच्या वस्तीतल्या एका बोळात वामनराव जुन्या घड्याळांच्या तबकड्या रंगवतात. उडालेला रंग बसवायचा, पुसट आकडे पुन्हा उठवायचे, हे ते चाळीस वर्षं करताहेत. जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, हे घड्याळवाल्यांनाही ओळखता येत नाही. हाताला तोड नाही, स्वभावाचं मात्र काही विचारू नका. दूधवाल्याच्या मापापासून जावयाच्या नोकरीपर्यंत कशावरही या माणसाचा विश्वास बसत नाही. एकदा कुणीतरी चोरीचं घड्याळ त्यांच्याकडे टाकलं होतं आणि पोलिसांनी त्यांना दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. तेव्हापासून आधार कार्डाची झेरॉक्स घेतल्याशिवाय ते कुणाच्या तबकडीला हात लावत नाहीत.

प्रताप नगरच्या सिंधूताई गजभिये यांनीही मुकाट्याने झेरॉक्स दिली. सिंधूताई निवृत्त नर्स, साठीच्या पुढच्या, मोजकं बोलणाऱ्या. वडिलांच्या भिंतीवरच्या घड्याळाची पत्र्याची तबकडी त्यांनी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून आणली होती. पांढऱ्या रंगाचे पोपडे सुटलेले, त्यावर जाडजूड काळे आकडे. सुटणारा रंग जागच्या जागी चिकटवा, बाकी कशालाही हात लावू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, असंच पाहिजे.

वामनरावांच्या मनात पाल चुकचुकली. लोक येतात ते नव्यासारखं करून द्या म्हणत, आणि ही बाई आहे तसंच ठेवा म्हणते. झेरॉक्सवरच्या आडनावावर त्यांची नजर जरा जास्तच वेळ थांबली. कुणी तसं म्हटलं असतं तर त्यांनी साफ नाकारलं असतं, पण थांबली खरी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तबकडी भिंगाखाली धरली. आकडे घड्याळाचे वाटतच नव्हते, गोदामातल्या मालावर टाकतात तसे होते. एका पोपड्याखालून लाल रंग डोकावत होता. म्हणजे पांढरा रंग नंतर चढवलेला. रंग चढवला म्हणजे काहीतरी लपवलं आणि लपवतो तो चोर, असा त्यांचा सरळ हिशेब. थोडंसंच बघू, म्हणत त्यांनी कापसाचा बोळा भिजवला. मधला भाग पुसला. मग जरा उजवीकडे. एकचा आकडा गेला, दोनचा गेला, तीनचा गेला. जेवणाच्या वेळेपर्यंत कमळावर उभी असलेली लक्ष्मी बाहेर आली.

या बौद्धांच्या घरात लक्ष्मी कुठून आली? नक्की कुणाच्या तरी घरातून उचललेलं घड्याळ. आपला संशय खरा ठरला म्हणून वामनरावांना आनंद झाला, आणि तो आनंद काही चांगला नव्हता. ओळखीच्या हवालदाराला पाठवायला त्यांनी मोबाइलवर फोटोही काढून ठेवला. पण आधी बाईला तोंडावर विचारू, असं ठरवून ते थांबले.

तिसऱ्या दिवशी सिंधूताई आल्या. वामनरावांनी तबकडी त्यांच्यापुढे सरकवली.

"हे घड्याळ कोणाचं आहे बाई? आता खरं सांगा."

सिंधूताईंनी लक्ष्मीकडे पाहिलंसुद्धा नाही. एक, दोन आणि तीन जिथे होते तिथे त्यांनी बोट फिरवलं.

"हे तुमी काहून पुसलं?"

"खाली काय दडवलं ते पाहाले नको?"

"खाली काय हाय ते मले लहानपणापासून ठाऊक हाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. घड्याळ आजोबांनी बाजारातून घेतलेलं, लक्ष्मीसकट. छप्पनच्या दसऱ्याला वडील बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरी आले आणि त्यांनी भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी उतरवल्या. घड्याळ चालू होतं, ते टाकवेना. म्हणून तबकडीवर पांढरा रंग चढवला. वडील कापडगिरणीत गाठींवर नंबर टाकायचे. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, आकडे तेवढे गिरणीत शिकले. त्याच हाताने त्यांनी बारा आकडे काढले. त्यांच्या हातचं लिहिलेलं घरात दुसरं काहीही उरलेलं नाही.

वामनरावांना कुठे बघावं ते कळेना. हे आधी का नाही सांगितलं, असं ओठांवर आलं होतं, पण आडनाव वाचून आपण काय काय धरून चाललो होतो ते त्यांना चांगलंच माहीत होतं.

"मी हुबेहूब करून देतो, ताई," ते म्हणाले. "कोणाले समजणार नाई."

"मले समजन."

तबकडी उचलून त्या निघून जातील असं वामनरावांना वाटलं. पण पोपडे तसेच राहिले तर बाकीचे आकडेही झडणार, हे सिंधूताईंनाही दिसत होतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि टेबलाला टेकून बसल्या.

"उरलेले नऊ माह्यासमोर चिकटवा."

वामनराव एकेक पोपडा बसवत गेले आणि सिंधूताई त्यांच्या बोटांवर नजर ठेवून राहिल्या. चार वाजता वामनरावांनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. काम संपेपर्यंत तो तसाच भरलेला होता.