कारवानी पिल्लू

ओल्या लोकरीचा वास आला की करजगीजवळचा तो मेंढ्यांचा वाडा डोळ्यांपुढं येतो. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला वर्ष उलटलं होतं. आमच्या घराण्यातला पहिला बीए मी, अफजलपूरला मास्तर झालो होतो, आठवडाभर तिथंच राहायचो, आणि बायको मळ्यातल्या घरात एकटी असायची. राखणीला कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घ्यावं, पण आधी त्या जातीचा स्वभाव पाहावा, म्हणून आम्ही दोघं धनगराकडं गेलो. आत शिरताना उंच, हडकुळी कुत्री नुसती बघत राहिली. धनगर पाणी आणायला गेला, पिल्लं बघून बायको बाहेर निघाली, तशी कुत्रीनं न भुंकता तिचं मनगट तोंडात धरलं. बांगड्या दातांवर वाजल्या. ‘अक्का, हलू नगा!’ धनगर लांबून ओरडला. ‘ही जात आत येऊ देती, मालकाबिगर जाऊ देत न्हाई!’ त्यानं सोडवलं तेव्हा मनगटावर नुसती लाळ होती. ‘चल, असलं जनावर घरात नको,’ मी म्हणालो. पदरानं हात पुसत ती म्हणाली, ‘मला हेच पायजे. रातच्याला कडी वाजायली की तुमी कुटं असताव?’ पिल्लू घेऊन निघालो, पण कडी कोण वाजवतं हे विचारायचा धीर मला वाटभर झाला नाही. आज आम्ही दोघं शहरात राहतो, दाराला चांगलं कुलूप आहे. तरी बाहेर कडी वाजली की मी आधी तिच्या तोंडाकडं बघतो.