मोऱ्याच्या तीन मोटारी आणि मुशीचे तेल

उरणजवळच्या मोरा बंदरावर होड्या बांधणाऱ्या एका सुताराने साठेक वर्षांपूर्वी तीन मोटारींच्या बॉड्या स्वतःच्या हाताने बांधल्या होत्या. त्या तीन मोटारींचे पुढे काय झाले? एवढाच प्रश्न घेऊन मी गेल्या वर्षी कामाला लागलो. भुताखेतांचा प्रश्न तेव्हा माझ्यासमोर नव्हता, आणि आजही मी त्या दिशेने जायला तयार नाही.

मी नवीन पनवेलमध्ये राहतो. तेहतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. ‘कारण सापडले नाही’ आणि ‘कारणच नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे मी दरवर्षी आठवीच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत असे. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी आजवर वाचले, ते बहुतेक करून त्यांतल्या चुका शोधण्यासाठी. माझ्या लेखनातल्या चुकाही वाचकांनी तशाच शोधाव्यात.

थोडी पार्श्वभूमी देतो. पूर्वी केवळ इंजिन, चाके आणि खालची लोखंडी चेसी विकत घेऊन, वरची बॉडी आपल्या पसंतीप्रमाणे स्थानिक कारागिराकडून बांधून घेण्याची पद्धत होती. अशा हातबांधणीच्या मोटारी आज कोठे आहेत, याची नोंद ठेवणे हा माझा निवृत्तीनंतरचा छंद. हे समजल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तिच्या आईला माझ्याकडे आणले. जानकीताई त्यांचे नाव. वय सत्तरीच्या आसपास. माहेर मोऱ्याचे, आता सुकापूरला लेकीकडे असतात आणि पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकतात.

त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली. पिशवीत सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, होते. माझ्या घरात मासळी येत नाही... मी खुर्ची वीतभर मागे सरकवली. ही गोष्ट फारशी अभिमानाची नाही, तरी नोंदवणे आवश्यक वाटते.

“मास्तर, ही माज्या बापसाची गाडी हाय,” मुलीच्या मोबाईलवरचे एक चित्र माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या. लग्नासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाडीची ती जाहिरात होती. शेवाळी रंगाची, मागे लांबट, बाजूंना लाकडी पट्ट्या असलेली स्टेशन वॅगन. “आनि पाटीवर बघा कोनाचं नाव लिवलंय!”

डॅशबोर्डवर पितळी पाटी होती. तिच्यावर मोटारींच्या बॉड्या बांधणाऱ्या एका परदेशी कंपनीचे नाव कोरलेले होते.

“मग तुमची अपेक्षा काय आहे?” मी विचारले.

“माजी? त्या पाटीवर बापसाचं नाव पायजे. तो गेला तेवा त्याचं नाव निस्तं रेशनकार्डावर होतं. येवढ्या होड्या बांधल्या, पन त्यांना नावं देवांची. गाड्या बांधल्या, त्यांना नाव बांधून घेनाऱ्या शेटचं. आता या फिरंग्याचं.”

मी पुराव्याबद्दल विचारले. लेखी पुरावा काही नव्हता. पण वडिलांची काम करण्याची पद्धत त्यांना लहानपणापासून पाठ होती. मोटार कशी बांधतात हे त्या माणसाला माहीत नव्हते, म्हणून त्याने ती होडीसारखी बांधली. होडीला असतात तशा लाकडी बरगड्या, वरून पत्रा. दोन बरगड्यांमधले अंतर बांबूच्या एका काठीने ठरलेले. ती काठी जानकीताईंकडे आजही आहे. मी मोजली, एकोणतीस सेंटिमीटर भरली. आणि शेवटी, खाऱ्या हवेत लाकूड कुजू नये म्हणून, सगळ्या सांगाड्याला मुशीच्या, म्हणजे लहान शार्क माशाच्या, यकृताचे तेल पाजलेले.

“होडीला पाजतात तसंच,” त्या म्हणाल्या. “शेटची बायको पैल्या दिवशी गाडीत बसली नि करंजा गावाच्या वाटेवर ओकली. बापूस म्हनाला, ओकली तर ओकली, गाडी नाय कुजनार.”

ज्यांनी हा वास घेतलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो ताज्या मासळीचा वास नव्हे. तो गोडसर, जड आणि चिकट असतो. नाकातून तो घशात उतरतो आणि तेथे बसून राहतो. पाणी प्यायले तर पाण्याला त्याची चव लागते.

पहिली मोटार मला न्हावा शेव्याच्या रस्त्यावर, कंटेनरचे ट्रक थांबतात तेथे सापडली. मोटार म्हणजे नुसती बॉडी, जमिनीवर ठेवलेली; उघड्या पडलेल्या बरगड्यांमधले अंतर त्याच काठीचे. एका चिकन सेंटरवाल्याने तिचा टाकाऊ भाग साठवण्यासाठी उपयोग केला होता. मागच्या दारातून मी डोकावलो. आत निळे पिंप, त्यात आतडी, पिसे, पाय आणि वर घोंगावणाऱ्या माश्यांचा काळा थर. एका माणसाने महिनोन्‌महिने रंधा मारून केलेल्या वस्तूची ही अवस्था पाहून मला वासापेक्षा जास्त किळस आली.

दुकानदार मात्र दारापासून दूर उभा होता. “सर, कोंबडीच्या घाणीचं आपल्याला काय नाय, रोजचंच आहे,” तो म्हणाला. “पण हा दुसराच वास आहे. पिंप बाहेर काढलं तरी येतो. धुतलं तरी येतो. पोरं आत जायला मागत नाहीत.”

दुसरी मोटार तोडून भंगारात गेली होती. तिचे दोन दरवाजे तेवढे सुकापूरला एका इमारतीच्या बांधकामावर उरले होते — वॉचमनच्या तात्पुरत्या संडासाची भिंत म्हणून. त्यांचे वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. एवढेच सांगतो, की दरवाजांच्या आत लाकूड शिल्लक नव्हते आणि पत्र्याची आतली बाजू हाताला तेलकट लागत होती. त्या दिवशी मी तीनदा साबण लावला. तरी जेवण गेले नाही.

येथपर्यंत मला काहीही चमत्कारिक वाटले नाही. तेल मुरते. जुन्या पत्र्याच्या सांध्यांत ते वर्षानुवर्षे राहू शकते. मी वहीत तसे लिहून ठेवले.

तिसरी मोटार, म्हणजे जाहिरातीतली, पळस्प्याच्या बाजूला एका शौकीन गृहस्थांच्या गॅरेजमध्ये आहे. त्यांचे नाव मी देत नाही, ‘मालक’ म्हणतो. मी जानकीताईंना घेऊन गेलो. गाडीचे दार उघडताच मोगऱ्याच्या एअर फ्रेशनरचा लोट आला... आणि त्याच्या खालून तो दुसरा. मोगरा आणि मुशीचे यकृत. इतके घाणेरडे मिश्रण मी आयुष्यात हुंगलेले नाही.

मालकांनीच विषय काढला. “सर, हा प्रॉब्लेम तुम्हीच सॉल्व्ह करा. गेल्या महिन्यात एका नवरीने अर्ध्या रस्त्यात गाडी सोडली, रिक्षाने गेली हॉलवर! मी सगळं बदललंय हो. जुनं लाकूड एकूणएक काढून जाळलं. नवीन सागवान, नवीन पत्रा, नवीन सीट. चेसी वाळूचा मारा करून सँडब्लास्ट केली. तरी आहेच!”

“म बापसाचं ह्यात रायलं काय?” जानकीताईंनी विचारले.

“डिझाइन, मावशी. डिझाइन ओरिजिनल आहे.”

“मंग ते डिझाइन कोनाचं?”

मालक हसले. जानकीताई आत पाहण्यासाठी दाराशी वाकल्या, तसे ते म्हणाले, “मावशी, तुम्ही जरा लांबच उभ्या राहा. नाहीतर वास गाडीचा की तुमचा, कळायचं नाही.”

दोन कामगार मोठ्याने हसले. मी हसलो नाही, परंतु माझा रुमाल नाकावर होता आणि त्या क्षणी माझी नजर गाडीकडे नव्हती, जानकीताईंकडे होती. त्यांनी ते पाहिले. पदर खोचून त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशीच्या सगळ्या किळसवाण्या गोष्टींत मी माझा रुमालही मोजतो.

मी मालकांना म्हटले, आपण तपासून पाहू. सहावीच्या मुलांनाही माहीत असलेली चाचणी आहे : स्निग्ध पदार्थ कागदाला लागला की कागद त्या जागी पारभासक होतो, उजेडासमोर धरला की डाग दिसतो. बाष्पाने पडलेला डाग वाळून नाहीसा होतो, तेलाचा होत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी स्वतः गाडीची आतली बाजू धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने दोनदा धुतली आणि स्पिरिटने पुसली. गॅरेजमध्ये मी, मालक आणि त्यांचा एक कामगार होतो. जानकीताईंना मी मुद्दाम फाटकाबाहेर बसायला सांगितले होते. दोन्ही बाजूंच्या आतल्या पत्र्यावर, पुढून मागेपर्यंत, ड्रॉइंग पेपरच्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. तुलनेसाठी तशाच पट्ट्या शेजारच्या दुसऱ्या जुन्या गाडीतही लावल्या. दारे बंद केली. आम्ही तिघेही त्या दोन गाड्यांसमोर खुर्च्या टाकून बसलो. बाहेर एप्रिलचे ऊन होते.

तीन तासांनी दारे उघडली. वास असा अंगावर आला, की कामगार बाहेर पळाला आणि मला चक्क ओकारी आली. तोंड धुऊन मी पट्ट्या काढल्या.

शेजारच्या गाडीतल्या पट्ट्या कोरड्या होत्या. या गाडीतल्या पट्ट्यांवर मात्र तेलाचे उभे पट्टे उमटले होते, प्रत्येक बाजूला सात. मधला कागद स्वच्छ. मी टेप लावली. एका पट्ट्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर प्रत्येक ठिकाणी एकोणतीस सेंटिमीटर.

नव्या सागवानी बरगड्या आहेत चाळीस सेंटिमीटरवर. मी त्याही मोजल्या. त्या जागी एकही डाग नव्हता. ज्या बरगड्या काढून जाळून टाकल्या, त्या जिथे होत्या, तिथे तेल आले होते.

जानकीताईंना आत बोलावले. त्यांनी कागद उजेडासमोर धरला, काठी त्यावर आडवी ठेवून पाहिली. मग कोणाला न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसल्या. आम्ही सगळे नाक धरून उभे होतो. त्यांनी नाक झाकले नाही, उलट दार ओढून घेतले. बऱ्याच वेळाने काच खाली करून म्हणाल्या, “जेवताना त्याच्या बोटांना याचाच वास यायचा. आय ओरडायची त्याला, हात धू म्हनून.”

मालक म्हणाले, “ओके सर, मानलं. पण पाटीवर वासाच्या जोरावर नाव टाकू का? तुम्ही लेखी द्या, सिद्ध झालं म्हणून.”

येथे माझी अडचण झाली. सिद्ध झाले असे लिहायचे, तर कारण माहीत हवे. मी तसे सांगितले.

“मास्तर, तुमी बघितलंत ना?” जानकीताई म्हणाल्या. “मंग बघितलं म्हनून लिवा. जास्तीचं नको.”

मी तेवढेच लिहिले आणि सही केली. डाग पडलेल्या कागदाचा एक तुकडा रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे दिला. त्याचे उत्तर चार दिवसांनी आले : “सर, माशाचंच तेल आहे. पण जुनं नाही. अजिबात खवट झालेलं नाही, अगदी ताजं आहे. कोणी लावलं?”

मी प्रामाणिकपणे ते उत्तर मालकांना कळवले. ते कळवताना पुढचा विचार करायला हवा होता, तो मी केला नाही. मालकांचा फोन लगेच आला. “तेच म्हणतो मी! म्हातारीनेच चोपडलं. कोळणीला तेल कुठून आणायचं हे काय शिकवायला पाहिजे? पाटी आहे तशीच राहणार. आणि तिला सांगा, परत फाटकाशी दिसली तर पोलिसांत देईन.”

ही किळस मात्र साबणाने गेली नाही. बाईंच्या वडिलांचे नाव मिळवून द्यायला मी निघालो, आणि त्यांच्या स्वतःच्या नावाला डाग लावून परतलो. मी सुकापूरला जाऊन त्यांना सगळे सांगितले. त्या सोडे निवडत होत्या. “चोर म्हनाला?” एवढेच विचारले. मी हो म्हटले. त्यांनी निवडणे थांबवले नाही. मी खाली, त्यांच्या शेजारी बसलो.

म्हणून हे लिहीत आहे. मी पुढील गोष्टी जबाबदारीने सांगतो. गाडी मी धुतली, कागद मी लावले. जानकीताई धुण्यापासून कागद काढेपर्यंत गाडीपाशी आल्या नाहीत. तीन तास गाडीवरून आमची नजर हलली नाही. पत्र्याच्या आतून, बरोबर एकोणतीस सेंटिमीटरवर, ताजे तेल कोणी आणि कसे लावावे, हे मला ठाऊक नाही. जाळलेल्या लाकडातून तेल कसे येते, हेही ठाऊक नाही. मी अनेक कारणे तपासली, एकही टिकले नाही. मला आजही कारण सापडलेले नाही.

ही गाडी अजून लग्नांना भाड्याने जाते. शेवाळी रंग, लाकडी पट्ट्या, डॅशबोर्डवर पितळी पाटी. पनवेल परिसरात कोणाच्या लग्नात ती आली, तर वाचकांना विनंती आहे : आतला पत्रा स्वतः पुसून घ्या, पांढऱ्या कागदाची पट्टी लावा, दारे बंद करून वाट पाहा आणि डागांमधले अंतर मोजा. मी तेथे नसेन आणि जानकीताईही नसतील. तुम्हाला जे दिसेल, तेवढेच लिहून या सदराकडे पाठवा.