या नावाचं इथे कुणी नाही

सरकारनं विमा कंपन्या ताब्यात घेतल्या, त्याच्या थोडं आधीची गोष्ट. साखरपुडा झाल्यावर अक्काच्या होणाऱ्या नवऱ्यानं आयुर्विमा उतरवला आणि नॉमिनी म्हणून तिचं माहेरचं नाव घातलं. दुसरं नाव तेव्हा नव्हतंच. महिन्याभरात लग्न झालं, नाव बदललं. सात वर्षांनी मेव्हणे विषमज्वरानं गेले.

त्या पैशांतून अक्काला एकच गोष्ट हवी होती: मुलीला घेऊन राहायला वेगळी खोली. धाकट्या दिराच्या घरात ती सगळ्यांचं रांधायची आणि शेवटी जेवायची.

कंपनीची कचेरी कँटोन्मेंटात होती. दारावरची पितळी पाटी चेहरा दिसेल इतकी घासलेली.

"नॉमिनी ही बाई. तुम्ही वेगळ्या," कानडी साहेब फायलीतल्या नावावर बोट ठेवून अक्काला म्हणाले.

"लग्नात नाव बदललं, साहेब," मी म्हणालो.

"सरी, बरं. पुरावा?"

"नवरा ताटात तांदूळ पसरतो आणि अंगठीनं त्यावर नाव लिहितो."

"मग ते ताट आणा."

"त्या तांदळाचा भात झाला," अक्का म्हणाली.

साहेबांनी फायलीतून एक पाकीट काढलं. एजंटानं मृत्यूची खबर दिल्यावर कंपनीनं नॉमिनीला रजिस्टर पत्र पाठवलं होतं, अक्काच्याच सासरी, माहेरच्या नावानं. ते परत आलं होतं. पोस्टमनचा शेरा: या नावाचं इथे कुणी नाही.

"कायद्यानं आमचं काम झालं. नॉमिनी सापडत नाही."

नॉमिनी त्यांच्यासमोर उभी होती. खुर्ची मला दिली होती.

तोड एकच निघाली. दोन्ही नावं एकाच बाईची, असं सासरच्या कर्त्या पुरुषानं मॅजिस्ट्रेटपुढे लिहून द्यायचं.

"देतो की, वहिनी," दीर म्हणाला. "चेक माझ्या हातात द्याल ना?"

"आणि खोली?"

"घर असताना खोली कशाला?"

"ते पत्र परत कुणी पाठवलं?"

"मीच. ते नाव या घरात कधी कुणी घेतलंय का?"

ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

अक्का मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा मी तिला शहाणपण शिकवलं, "सही नको घेऊस त्याची. भांडू आपण."

"तोवर आम्हा दोघींना तुझ्याकडे ठेवतोस?"

माझ्याकडे दोन खोल्या होत्या. एकीत पुस्तकं होती. "बघू," मी म्हणालो.

दिरानं सही केली. कंपनीनं मग दिरंगाई केली नाही, हे मान्य करायला हवं. चेकवर अक्काची दोन्ही नावं होती, मध्ये 'उर्फ'. तिनं पाठीमागे सही केली आणि चेक दिराला दिला.